एका नळीचे तिघे

माझं काम फोडायचं. काचेच्या कारखान्यात पारखीच्या टेबलाशी बसायचं, थंड होऊन आलेली सुरई उजेडापुढे धरायची आणि बुडबुडा, खडा, रेघ, वाकडी मान असं काही दिसलं की शेजारच्या पेटीच्या लोखंडी काठावर आपटायची. फुटलेली काच परत भट्टीत जाते, वितळते आणि तिची पुन्हा सुरई होते, म्हणजे काच काही वाया जात नाही. वाया जाते ती फुंकणाऱ्याची मेहनत, कारण फोडलेला नग त्याच्या नावावर धरत नाहीत. म्हणून कारखान्यात मला सगळे सासूबाई म्हणतात. पंचविशीत या टेबलावर आले तेव्हापासून म्हणतात. माझा नवराही म्हणतो, पण तो घरी म्हणतो आणि हळू आवाजात.

त्याचा मला राग येत नाही. राग यायला दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत.

आमच्याकडे एका नळीवर तिघे काम करतात. पहिला लांब लोखंडी नळी भट्टीत घालून वितळलेल्या काचेचा गोळा उचलतो आणि नळीला तोंड लावून पहिली हलकी फुंक घालतो, तेवढ्याने गोळ्याच्या पोटात हवा शिरते. मग नळी दुसऱ्याच्या तोंडात. तो खरा फुंकणारा. सुरईचं अंग, पोट, घाट सगळं त्याच्या दमावर. तिसरा साच्यात शेवटची फुंक घालून मान काढतो. हे सगळं काच गरम आहे तोवर व्हावं लागतं. थांबायला सवड नसते, म्हणून नळी तोंडातून तोंडात जाते, ओलीच्या ओली.

आणि ती पुसायची नाही. हा आमच्या कारखान्याचा जुना कायदा, कुठे लिहिलेला नाही पण मोडायची कोणाची छाती नाही. नळी पुसून तोंडाला लावली म्हणजे आधीच्या माणसाच्या तोंडाचा अपमान केला. मागे दोन सख्खे भाऊ घराच्या भिंतीवरून भांडले होते. भांडण बाहेर कोणाला माहीत नव्हतं. एक दिवस धाकट्याने थोरल्याच्या हातून नळी घेतली, बाहीने पुसली आणि मग फुंकली. दुपारपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं की आता या दोघांचं बोलणं संपलं.

आमच्या नळीवर काका, दादा आणि माझा नवरा. काका सख्खे नव्हेत. ते माझ्या वडिलांबरोबर नळीवर होते, वडील गेल्यावर दादाला त्यांनीच शिकवून त्या जागेवर उभा केला. दादा माझा थोरला भाऊ. माझं लग्नही त्या नळीवरच ठरलं. "ज्याच्या हातात माझ्या तोंडची नळी देतो, त्याच्या हातात बहीण द्यायला काय हरकत आहे," असं दादा म्हणाला आणि विषय संपवला. नवरा इतका कमी बोलतो की कारखान्यात त्याचं नाव मौनी पडलंय. लग्नाला होकार त्याने मान हलवून दिला, आणि मला वाटतं तेवढ्यानेही तो दमला.

आता बरणीचं सांगते. फुंकताना खोकला आला की सुरई बाद. म्हणून मुकादमाच्या कट्ट्यावर एक बरणी असायची, आमच्याच कारखान्यात फुंकलेली, आणि तिच्यात सुट्ट्या कॅप्सूल. जंतू मारायचं चांगलं जालीम औषध. कॅप्सूलला सगळे पहिलवान म्हणायचे. खोकला आला, घे एक पहिलवान. घसा बसला, घे एक. अंग मोडून आलं, सर्दी झाली, सासुरवाडीला जायचंय आणि आजारी पडायची इच्छा नाही, घे एक. बरं वाटलं की दुसरी कोण घेतंय? मुकादम हे सगळं पदरमोड करून, आपुलकीने करायचा. तो वाईट माणूस नाही हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडून मोकळे व्हाल.

त्या थंडीत दादाला खोकला लागला. त्याने पहिलवान खाल्ला. खोकला कमी झाला, परत आला, परत एक खाल्ला. मग ताप आला. कुशीत कळ मारायला लागली, थुंकी गंजाच्या रंगाची पडायला लागली, तरी गडी भट्टीपुढे. दादाला त्याच्या दमाची फार घमेंड होती, आणि ती असावी असाच त्याचा दम होता. एका सकाळी त्याने सुरईचं पोट फुंकलं, नळी नीट माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि मग खाली बसला. बसला तो उचलूनच न्यावा लागला. ती सुरई मागाहून माझ्या टेबलावर आली. मी उजेडापुढे धरून पाहिली. तिच्यात काडीची खोट नव्हती.

हॉस्पिटलमध्ये त्याला न्यूमोनिया सांगितला. पहिलं औषध दिलं, ताप उतरला नाही. दुसरं दिलं, त्यानेही नाही. वॉर्डातली डॉक्टरीण हडकुळी, भराभर बोलणारी बाई होती. तिने दादाला विचारलं, "याआधी अशी औषधं बरीच घेतली आहेत का?"

दादाने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "छे," तो म्हणाला. "जन्मात कधी... अख्खं पाकीट... संपवलं नाही. एखादी गोळी. बास."

हे त्याने असं सांगितलं की जणू कोणी त्याला दारू पितोस का विचारलं होतं. मीही शेजारी उभी राहून मान डोलावली. डॉक्टरणीने हातातलं पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही जरा माझ्याबरोबर या."

तिने मला प्रयोगशाळेत नेलं आणि झाकण लावलेली एक गोल ताटली दाखवली. दादाच्या थुंकीतला जंतू तिच्यात वाढवला होता, वर औषधांच्या बारीक चकत्या ठेवल्या होत्या. "औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाही. मोकळं कडं दिसतं," ती म्हणाली. मी विचारलं, उजेडापुढे धरू का. ती म्हणाली, धरा, झाकण तेवढं उघडू नका. मला बघायची सवय आहे. मी एकेक चकती पाहिली. जंतू अगदी चकतीला खेटून वाढला होता, कडं नव्हतंच. एकाच चकतीभोवती बरं मोकळं कडं होतं.

"हे एक औषध राहिलंय," ती म्हणाली. "शिरेतून द्यायचं, मूत्रपिंडाला जड आहे. आज सुरू केलंय. पण आधीच्या दोन औषधांत दिवस गेले."

"पण त्याने तर औषध कमीच खाल्लं हो."

"तेच तर झालं ना. निम्म्या खोकल्यांना या औषधाची गरजच नसते, ते आपले आपण जातात. आणि जिथे गरज असते तिथे एका गोळीने कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. पुढच्या खोकल्याला पुन्हा एक गोळी, पुन्हा चिवट तेवढे उरले. असं वर्षानुवर्षं केलं की घशात फक्त चिवटच नांदतात. माणूस धडधाकट असतो तोवर ते गुपचूप बसून राहतात, कळतही नाही."

मी तिला बरणीचं सांगितलं. मग नळीचं सांगितलं. नळीचं ऐकून तिची भराभर बोलायची सवय गेली.

"तोंडाला तोंड?"

"हो."

"पुसत तरी असतील."

मी तिला कायदा सांगितला. ती म्हणाली, "पुसूनही भागायचं नाही. प्रत्येकाला नळीच्या तोंडाशी लावायला आपापली वेगळी तोटी हवी. त्या दोघांना घसा तपासायला माझ्याकडे पाठवा. आणि ती बरणी आजच्या आज बंद करा."

"माझा नवरा पहिलवान खात नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. त्याला गोळी गिळता येत नाही."

"त्यांनी न खाऊन काय होतं? ज्यांनी खाल्ली त्यांच्या घशातला चिवट जंतू नळीतून यांच्या घशात गेलाच असेल. जंतूला काय माहीत हे खात नाहीत म्हणून."

भाऊ तिथे पलंगावर धापा टाकत होता आणि नवरा त्याच क्षणी, त्याच नळीला तोंड लावून उभा होता.

आता तोट्या. आमच्याकडे तोट्या होत्या हो! पितळेच्या, नळीच्या तोंडावर बसवायच्या आणि आपली झाली की काढून घ्यायच्या. मागे कधीतरी सरकारी तपासणी येणार होती तेव्हा मालकांनी डबाभर आणल्या. तपासणी झाली, डबा कपाटात गेला. प्रत्येकाने तोटी बसवायची-काढायची म्हणजे वेळ जातो, काच निवते, दिवसाच्या सुरया कमी होतात. ते मालकांना नको होतं. आणि खरं सांगायचं तर फुंकणाऱ्यांनाही नको होतं, कारण तोटी लावणं म्हणजे पुसण्याच्याही वरचं.

मी हॉस्पिटलमधून थेट कारखान्यात गेले आणि काकांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. दादाची जागा कोणी घेतली नव्हती, काकाच दोन्ही फुंका घालत होते. वयाच्या मानाने त्यांचाही दम दांडगा.

"माझ्या तोंडात विष आहे म्हणतेस?" काका म्हणाले.

"जंतू आहे म्हणते. तो एकट्या तुमचा नाही काका, सगळ्यांचा आहे. बरणीने पोसलाय."

"तुझा बाप जन्मभर माझ्या तोंडची नळी घेत गेला, पोरी. त्याने कधी हात नाही फिरवला तिच्यावरून. आणि तू मला तोटी लावायला सांगतेस." त्यांनी माझ्याकडे पाठ केली. काकांनी माझ्याकडे पाठ केली असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मुकादम मध्ये पडला. "सासूबाई, दादाच्या आजाराने डोकं फिरलंय तुमचं. बसा घटकाभर. चहा मागवू?" कट्ट्यावर बरणी होतीच. मी ती उचलली, उजेडापुढे धरली, गोल फिरवून पाहिली आणि म्हटलं, "बुडबुडा आहे." आणि पेटीच्या काठावर फोडली. पहिलवान काचांत लोळायला लागले. मुकादमाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र्याचा डबा आणला. फोडता येऊ नये म्हणून.

घरी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुम्ही तरी तोटी मागा."

"चार लोकांत," तो म्हणाला, "काकांच्या तोंडासमोर? नाही जमायचं मला."

"मग मला जे जमतं ते मी करते," मी म्हटलं.

सकाळी टेबलाशी बसले आणि पहिली सुरई आली ती फोडली. दुसरी आली, फोडली. कोणत्या नळीची, कोणाची, काही पाहिलं नाही. जी जी सुरई तोंडातून तोंडात गेलेल्या नळीवर झाली होती ती पेटीत गेली, म्हणजे सगळ्याच गेल्या. आधी हसले लोक. मग हसू थांबलं. मग शिव्या सुरू झाल्या, आणि त्यांत कल्पकता बरीच होती. मी प्रत्येक सुरई उजेडापुढे धरत होते मात्र. बघितल्याशिवाय फोडणं हे माझ्या तत्त्वात बसत नाही.

दुपारी मालक आले. मालक कधी आवाज चढवत नाहीत. बायांना ताई म्हणतात, कारखान्याला घर म्हणतात, आणि असं गोड बोलून जे करायचं ते करून घेतात.

"ताई, खोट दाखवा ना मला," ते म्हणाले. हातात काकांची सुरई होती.

"सुरई स्वच्छ आहे, मालक. भट्टीतून आलेल्या काचेवर जंतू जगत नाही. खोट ती फुंकण्याच्या तऱ्हेत आहे. ती तऱ्हा बदलेपर्यंत मी एकही पास करणार नाही. तोट्यांचा डबा कपाटात आहे, काढा."

"इतकी मोठी ऑर्डर आहे. तोट्या लावत बसलो तर पुरी कधी व्हायची?"

"माझा भाऊ हॉस्पिटलात आहे, तो नाही का तुमच्या ऑर्डरीत धरला?"

मालकांनी सुरई हळूच टेबलावर ठेवली. "मला वाईट वाटतंय, पण मला दुसरी कोणी बसवावी लागेल या जागेवर."

"बसवा की." मी ती सुरई उचलली आणि त्यांच्यासमोर फोडली.

त्यांनी पॅकिंगच्या बायांना एकेकीला विचारलं. कोणीच तयार होईना. मला वाटलं माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. नंतर एकीने सांगितलं, कोणाला सासूबाई म्हणवून घ्यायचं नव्हतं. असो, फायदा झाला हे खरं.

पण लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचा रोजचा घास मी पेटीत घालत होते, बोलतील कशाला? वहिनीने मला हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं. दादाची बायको म्हणजे फार सोशिक बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला होता. "वन्सं, कारखान्याकडून रोज कोणी ना कोणी जेवणाचा डबा आणून द्यायचं. आता कोणी येत नाही. समोरून गेले तरी तोंड फिरवतात. ह्यांचं असं झालंय आणि तुम्ही आहेत ती माणसंही तोडताय."

"वहिनी, त्याच माणसांसाठी करते आहे मी."

"त्यांनी मागितलं होतं का?" ती म्हणाली. मी चिडून वर गेले.

दादाच्या कानावर सगळं आलं होतं. ताप थोडा उतरला होता पण श्वास लहान झाला होता. मला वाटलं, आता हा मला झापणार. त्याने मास्क बाजूला केला.

"काकांची... सुरई... फोडलीस?"

"हो."

"चांगली होती?"

"उत्तम होती. तुझ्या तोडीची."

तो बराच वेळ श्वास गोळा करत पडला. "फोडताना... हात अडखळला का?"

"अडखळला."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "मौन्याला... तेवढं सांभाळ."

दादा गेला. औषध बरोबर होतं, पण फुप्फुसांनी आधीच हात टेकले होते. मी डॉक्टरणीवर ओरडले, वॉर्ड दणाणून सोडला, जे तोंडाला येईल ते बोलले. तिने मला ओरडू दिलं. सगळं झाल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "त्या दोघांना अजून पाठवलं नाहीत तुम्ही."

कारखान्यात कोणी फुंकणारा गेला की त्याच्या नळीवर एक सुरई करतात. तिला निरोपाची सुरई म्हणतात. पहिली फुंक त्याच्या नळीवरच्या माणसांची, मग नळी फिरते आणि कारखान्यातला प्रत्येक फुंकणारा तिच्यात एक हलकी फुंक घालतो. सगळ्यांचा थोडा थोडा श्वास असलेली ती सुरई घरी देतात. माझ्या वडिलांची आमच्या घरी आहे, आणि ती जगातली सर्वांत वेडीवाकडी सुरई आहे. तिच्यात मी कधी खोट काढलेली नाही.

दादाच्या निरोपाच्या सुरईच्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला सांगितलं, "ती माझ्या टेबलावरून जाणार आहे. मी तीही फोडीन. वहिनीच्या डोळ्यांदेखत फोडीन, मग मला कोणी दारात उभं केलं नाही तरी चालेल." तो चपला घालत होता. त्याने एक चप्पल घातली, दुसरी घातली आणि निघाला.

भट्टीपुढे सगळे जमले होते. वहिनीला खुर्ची दिली होती. मालक हात जोडून उभे होते. काकांनी दादाची नळी उचलली. तीन-चार दिवस काका खोकत होते, पत्र्याच्या डब्यातून दोनदा पहिलवान घेताना मी त्यांना माझ्या टेबलावरून पाहिलं होतं. आणि आता ही नळी त्यांच्या तोंडून निघून कारखान्यातल्या एकूण एक माणसाच्या तोंडात जाणार होती. मी माझ्या टेबलामागे बसले होते.

काकांनी काच उचलली. पिवळाधमक गोळा. त्यांनी तोंड लावलं, गाल फुगले, गोळ्याच्या पोटात हवेचा डोळा उघडला. मध्ये दादाची फुंक, ती रिकामी सोडायची असते, तेवढा वेळ ते नुसती नळी फिरवत राहिले. मग त्यांनी ती माझ्या नवऱ्याच्या हातात दिली.

त्याने घेतली. काच खाली ओघळू नये म्हणून सवयीने फिरवायला लागला. तोंडाला लावली नाही.

"फुंक," काका म्हणाले.

तो फिरवत राहिला. पिवळ्याचा नारिंगी झाला.

"अरे फुंक. थंड होतेय."

"होऊ दे," नवरा म्हणाला.

मला आधी वाटलं दुसरंच कोणी बोललं. मुकादम पुढे आला. "मौनी, काय करतोस? तुझ्या मेव्हण्याची निरोपाची आहे ही."

"म्हणूनच," तो म्हणाला. नारिंगीचा लाल झाला होता. "काका, इतकी वर्षं तुमच्या तोंडची नळी घेतली. पुढेही घेईन, तुम्ही द्याल तोवर घेईन. पण तोटी लावून घेईन. मला तुमचा मान ठेवायचाय. आणि मला जगायचंय पण. मला दोन्ही पाहिजे." इतकं बोलून त्याला घाम आला. त्याने फिरवणं थांबवलं.

गोळा एका बाजूला कलला, काळवंडला, आणि थोड्या वेळाने तडकला. आवाज बारीकच होता, पण सगळ्यांनी ऐकला. दादाची सुरई झाली नाही. मला फोडायला काही उरलं नाही.

काकांचा चेहरा पाहवत नव्हता. कोणीतरी नवऱ्याच्या अंगावर धावून जाणार असं वाटत होतं, तेवढ्यात वहिनी खुर्चीवरून उठली. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्हाला खोकला आहे?"

"आहे थोडा," काका म्हणाले.

"तपासून या," वहिनी म्हणाली. "ह्यांनाही थोडाच होता."

काकांनी माझ्या नवऱ्याच्या हातातून ती नळी काढून घेतली, टोकाला काळा तडकलेला गोळा तसाच होता, आणि मुकादमाला म्हणाले, "तोट्यांचा डबा काढ."

मुकादमाने मालकांकडे पाहिलं.

"आज दुःखाचा दिवस आहे," मालक मऊ आवाजात म्हणाले. "आपण उद्या शांतपणे बसून बोलू. तुमचंच घर आहे. आता आधी भट्टीवर माणसं लावा, जाळ कमी होतोय. भट्टीतल्या मातीच्या कुंड्यांतली काच थिजली तर कुंड्या तडकतील, मग घरी बसावं लागेल सगळ्यांनाच."

"थिजू दे," काका म्हणाले. त्यांनी दादाची नळी जमिनीवर आडवी ठेवली.

शेजारच्या नळीवाल्याने आपली ठेवली. मग त्याच्या पुढच्याने. ते दोघे भाऊ, भिंतीवरून भांडलेले, वेगवेगळ्या नळ्यांवर होते, त्यांनीही ठेवल्या, एकमेकांकडे न बघता. जाळ घालणारे फावडी टेकून उभे राहिले. मालक कोणीतरी हलेल म्हणून वाट बघत होते. भट्टीचा आवाज हळूहळू उतरत गेला. तो उतरलेला मी त्या कारखान्यात कधी ऐकला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटली. पण कोणी हललं नाही.

शेवटी कपाटाकडे मालक स्वतः चालत गेले.

डबा येईपर्यंत मी टेबलामागून उठून नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिले. काका माझ्याकडे आले. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलायचं म्हणून त्यांनी आधी घसा साफ केला, तर खोकलाच आला. तो थांबल्यावर म्हणाले, "ती तुझी डॉक्टरीण आज भेटेल का?"

"भेटेल."

"काय करते घशाचं? दुखतं?"

"काडी फिरवते नुसती. आ करायचं."

"ह्यालाही घे बरोबर," ते नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आज बोलायला लागलाय, तोंड उघडंच आहे."

नवरा हसला, वहिनी रडत होती आणि रडता रडता तीही हसली. मी या सगळ्यांकडे बघत उभी होते. कितीतरी दिवसांनी मला यांच्यातल्या कोणाचाच राग येत नव्हता, मालकांचाही नाही. मला राग आला होता तो एकट्या दादाचा. एवढं बघायला थांबायला हवं होतं त्याने.